झाकली मूठ : पुरुषाच्या मनांतील ओझें



“झाकली मूठ सव्वा लाखाची” ही म्हण आपल्यापैकीं कोणास ठाऊक नाहीं? बैलबाजारांत तिचा उपयोग आहे. तेथें घेणाऱ्यानें आपल्या कनवटीला किती रुपये आहेत हें सांगूं नये आणि विकणाऱ्यानें आपली नड दाखवूं नये, हें शहाणपणच होय. परंतु पुष्कळ पुरुष हीच म्हण बाजारांतून घरीं घेऊन येतात, आणि जेथें आई, बायको, भाऊ व मुलें आपलींच आहेत तेथेंहि मूठ झाकूनच बसतात. सोसायटीचें कर्ज किती, सावकाराचें किती, रात्रीं झोप कां लागत नाहीं, घांस घशाखालीं कां उतरत नाहीं, ह्यांपैकीं एकहि गोष्ट ते उघड करीत नाहींत. लोक म्हणतात, “गडी मोठा धीराचा आहे.” आजच्या पाठांत आपणांस दोन प्रश्नांचा विचार करावयाचा आहे. पुरुषाचें मौन हें नेहमींच धैर्य असतें काय? आणि नसेल, तर त्याच्या घरच्यांनीं व शेजाऱ्यांनीं काय करावें?

१. आंकडे काय सांगतात

सरकारच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत १,७०,९२४ मनुष्यांनीं आत्महत्या केल्याची नोंद झाली. त्यांत १,२२,७२४ पुरुष होते. म्हणजे दर दहांमध्यें सात. त्या वर्षीं आपल्या महाराष्ट्रांत २२,७४६ जणांची नोंद झाली, आणि ही संख्या इतर कोणत्याहि राज्यापेक्षां अधिक होती. देशभरांत जमीन कसणारे जे ५,२०७ शेतकरी अशा रीतीनें गेले त्यांत ४,९९९ पुरुष व २०८ स्त्रिया होत्या. ६,०८३ शेतमजूर गेले, त्यांत ५,४७२ पुरुष होते.

हे आंकडे वाचतांना सावधगिरी बाळगावी. जिच्या नांवें सातबारा नाहीं अशी बाई दिवसभर शेतांत राबली तरी सरकारी कागदांत तिला बहुधा शेतकरी म्हणत नाहींत. शिवाय स्त्रियांना दुःख कमी असतें असाहि ह्याचा अर्थ नव्हे. उदासीनतेचा आजार, ज्यास डॉक्टर नैराश्य म्हणतात, तो स्त्रियांमध्यें पुरुषांपेक्षां अधिकच आढळतो. मग मरणाऱ्यांत पुरुष इतके अधिक कां? ह्याचीं कारणें एकाहून अधिक आहेत; परंतु त्यांतील एक आपल्या घरोघरीं दिसतें. स्त्री आपलें दुःख विहिरीवर, चुलीपाशीं, माहेरीं कोठें तरी बोलते. पुरुष तें बोलत नाहीं, दवाखान्यांत उशिरां जातो किंवा जातच नाहीं, आणि पुष्कळदां त्या दुःखावर दारू ओततो.

२. आपल्या भागाची गोष्ट

१९ मार्च १९८६ रोजीं यवतमाळ जिल्ह्यांतील चिलगव्हाण गांवचे शेतकरी साहेबराव करपे ह्यांनीं वर्धा जिल्ह्यांत, पवनारजवळ, पत्नी व चार मुलांसह जीवनाचा शेवट केला. महाराष्ट्रांतील शेतकऱ्यांच्या दुर्दशेची कथा सांगतांना लोक तेथूनच आरंभ करितात, आणि २०१७ सालापासून कित्येक जण त्या दिवशीं अन्नत्याग करून त्या कुटुंबाची आठवण ठेवितात. ही आठवण ठेवणें योग्य आहे. परंतु तिच्यांतील एक गोष्ट आपण नीट पाहिली पाहिजे. त्या घरांतील चार लेकरांना जगावयाचें होतें कीं नाहीं, हें कोणीं विचारलें? निराशा मनुष्याच्या मनांत एकटीच कोंडली गेली म्हणजे सर्व वाटा बंद झाल्या आहेत असें त्यास वाटूं लागतें, आणि आपल्या मुलांच्या वाटाहि बंदच आहेत असें तो ठरवून टाकतो. बाहेरच्या एका मनुष्यास जी वाट दिसली असती ती त्याला दिसत नाहीं.

पुढें हा प्रश्न वाढतच गेला. डिसेंबर २००५ मध्यें राज्य सरकारनें १,०७५ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. १ जुलै २००६ रोजीं पंतप्रधान मनमोहन सिंग ह्यांनीं विदर्भाच्या दौऱ्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम व वर्धा ह्या सहा जिल्ह्यांसाठीं ३,७५० कोटी रुपयांची योजना सांगितली. २००८ सालीं देशभर कर्जमाफी झाली. हें सर्व करणें अवश्य होतें. कापूस बहुतेक कोरडवाहू. पेरणीनंतर पावसानें पाठ फिरविली तर दुबार पेरणी. बी, खत व फवारणी उधारीवर. आणि माल घरांत आला कीं भाव खालीं. अशा ठिकाणीं “मन घट्ट करा” एवढाच उपदेश करणें हा अन्याय होय. पोटाचा प्रश्न पोटाच्याच उपायानें सुटतो.

तरीहि एक गोष्ट राहतेच. एकाच शिवारांत, एकाच पावसांत, सारखेंच कर्ज असलेल्या दोघांपैकीं एक उभा राहतो व दुसरा खचतो. ह्या फरकाचें एकच कारण दाखवितां येत नाहीं. परंतु कर्ज हें जर ओझें, तर मौन ही त्या ओझ्याची घट्ट गांठ आहे. ओझें उतरण्यास वर्षें लागतील. गांठ सोडण्यास एक संध्याकाळ पुरते.

आणि ही गोष्ट केवळ शेतकऱ्याची नव्हे. नागपूर शहरांत जमशेटजी टाटा ह्यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजीं सुरू झाली आणि २००२ सालीं बंद पडली. सव्वाशें वर्षें त्या गिरणीवर कित्येक घरांच्या चुली पेटल्या. जो मनुष्य “मी एम्प्रेसमध्यें आहें” असें छाती पुढें काढून सांगत असे, त्याची गिरणी गेली म्हणजे केवळ पगार जात नाहीं. आपण कोण, ह्या प्रश्नाचें उत्तरहि जातें. हुद्दा गेलेला कारकून, परीक्षेंत नापास झालेला तरुण, चाळिशीपर्यंत लग्न न जमलेला मुलगा, म्हातारपणीं खाटेवर पडलेला बाप, ह्या सर्वांचें दुखणें एकाच जातीचें आहे. आपण उपयोगाचे राहिलों नाहीं, असें त्यांस वाटतें, आणि तें सांगण्याची लाज वाटते.

३. हें मौन येतें कोठून

हें मौन कोणी जन्मतः घेऊन येत नाहीं. आपणच तें शिकवितों. पांच वर्षांचा मुलगा पडला व रडूं लागला म्हणजे आपण म्हणतों, “पोरीसारखा काय रडतोस?” दहा वर्षांचा झाला म्हणजे, “तूं घरचा कर्ता आहेस.” बाप वारला त्या दिवशीं सर्व बायका त्याच्या आईच्या गळ्यांत पडून रडतात, आणि त्या मुलास सांगतात, “तुला रडून चालणार नाहीं, तुला आईला सांभाळायचें आहे.” हें सर्व मायेनेंच बोललें जातें. परंतु त्यापासून तो एक धडा घेतो. दुसऱ्याचें दुःख वाहणें हें आपलें काम, आणि आपलें दुःख दाखविणें हा आपला गुन्हा. चाळीस वर्षांनीं तोच मुलगा रात्रीं खाटेवर उघड्या डोळ्यांनीं पडून राहतो आणि बाजूला झोपलेल्या बायकोस उठवीत नाहीं.

नागपूरकरांची एक रीत विचार करण्यासारखी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं तेथें मारबतीची मिरवणूक निघते; काळी मारबत १८८१ पासून व पिवळी १८८५ पासून निघत आली आहे. हजारों पुरुष रस्त्यावर येऊन गांवावरची इडापिडा, रोगराई व महागाई घेऊन जा, असें मोठ्यानें ओरडतात. त्या रीतीविषयीं कोणाचें मत कांहींहि असो. परंतु जो मनुष्य साऱ्या शहराची पीडा भर रस्त्यांत ओरडून सांगतो, त्यास आपल्या स्वतःच्या पीडेविषयीं घरांत एक वाक्य हळू आवाजांत बोलतां येऊं नये, हें आश्चर्य नव्हे काय?

दुसरें उदाहरण बचत गटाचें. आपल्या गांवांतील बायका महिन्यांतून एकदां सतरंजी पसरून बसतात. कोणी किती कर्ज घेतलें, कोणाचा हप्ता राहिला, कां राहिला, हें सर्व वहीत लिहिलेलें असतें व सर्वांच्या समोर वाचलें जातें. तेथें कर्ज ही बेअब्रूची गोष्ट राहत नाहीं. चार जणींची मिळून विचार करण्याची गोष्ट होते. पुरुषहि रोज एकत्र बसतात. पारावर बसतात, पानठेल्यावर बसतात. परंतु तेथें निवडणूक, क्रिकेट व दुसऱ्याच्या भानगडी ह्यांवर दोन तास बोलून प्रत्येक जण आपली झाकलेली मूठ तशीच घेऊन घरीं जातो. पुरुषांना सोबत नाहीं असें नाहीं. त्या सोबतींत मन उघडण्याची चाल नाहीं.

४. खूण कशी ओळखावी

शेतकऱ्यास बैलाचें दुखणें ओळखावयास डॉक्टर लागत नाहीं. बैलानें वैरणीस तोंड लावलें नाहीं, रवंथ थांबविली, कान पाडले, कीं धनी त्याच दिवशीं त्यास जूं लावीत नाहीं. “आज ह्याला बरें नाहीं,” असें तो सहज म्हणतो, आणि त्यांत बैलाची बेअब्रू झाली असें कोणासहि वाटत नाहीं. माणसाकडेहि असेंच पाहावें. पुढील गोष्टींपैकीं कांहीं पंधरा दिवस किंवा अधिक काळ सतत दिसल्या, तर त्या दुखण्याच्या खुणा समजाव्या :

झोप न लागणें, अथवा मध्यरात्रीं जाग येऊन पुन्हां डोळा न लागणें. जेवणावरची वासना जाणें. ज्या कामांत पूर्वीं रस होता त्यांत मन न लागणें. डोकें, पाठ किंवा पोट दुखणें, आणि तपासणींत कांहीं न सांपडणें. घरांतल्यांपासून व मंडळीपासून दूर दूर राहणें.

पुरुषाच्या बाबतींत आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्याचें दुःख पुष्कळदां दुःखाच्या रूपानें दिसतच नाहीं; रागाच्या रूपानें दिसतें. शांत मनुष्य एकाएकीं मुलांवर हात उगारूं लागतो, भावाशीं बांधावरून भांडतो, गाडी बेफाम हांकतो. म्हणून मारहाण चालवून घ्यावी असें मुळींच नव्हे. बायकोमुलांचें रक्षण आधीं. परंतु त्या रागाच्या मुळाशीं काय आहे तें पाहावें. कोणी दारूकडे वळतो. २०१५-१६ सालच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणींत दारूच्या विकाराचें प्रमाण स्त्रियांपेक्षां पुरुषांत कितीतरी पटीनें अधिक आढळलें. वर्धा जिल्ह्यांत १९७४ पासून व गडचिरोलींत १९९३ पासून दारूबंदी आहे. परंतु कायदा दुकान बंद करितो. मनुष्य ज्या कारणासाठीं दुकानाकडे जातो तें कारण बंद करीत नाहीं. दारू दोन घटका विसर पाडते, आणि नंतर मन पूर्वींपेक्षां खालीं नेते.

सर्वांत गंभीर खुणा ह्या होत : “माझ्यामुळें सर्वांना त्रास,” “मी नसलों तर बरें,” असें बोलणें, एकाएकीं सर्व हिशेब मिटविणें, आवडत्या वस्तु देऊन टाकणें, सर्वांचा निरोप घेतल्यासारखें वागणें, आणि पुष्कळ दिवसांच्या तळमळीनंतर कारण नसतां अचानक शांत होणें. अशा वेळीं उद्यांची वाट पाहूं नये.

५. अमरावतीच्या तीस गांवांचा अनुभव

कोणी म्हणेल, “आमचे गडी विचारलें तरी सांगत नाहींत.” ह्या म्हणण्याची परीक्षा आपल्याच विदर्भांत झाली आहे. अमरावती जिल्ह्यांतील तीस गांवांत ‘विश्राम’ नांवाचें काम झालें. गोव्यांतील ‘संगाथ’ व नागपुरांतील ‘प्रकृति’ ह्या संस्थांचा त्यांत भाग होता. त्याची रीत अगदीं साधी होती. गांवपातळीवरील कार्यकर्त्यांना शिकवून तयार केलें. त्यांनीं लहान लहान बैठकी घेऊन, मन आजारी पडतें म्हणजे काय होतें, हें लोकांना समजावून सांगितलें. ज्यास गरज त्याच्याशीं बसून बोललें. आणि ज्याचें दुखणें जड त्यास समुपदेशकाकडे व मनोविकारतज्ज्ञाकडे पोंचविलें.

ह्या कामाचा अहवाल २०१७ सालीं ‘लॅन्सेट सायकियाट्री’ ह्या वैद्यकीय मासिकांत प्रसिद्ध झाला. कामाच्या आरंभीं नैराश्याच्या दर शंभर रोग्यांपैकीं केवळ चार जण कोणाकडे तरी उपचारासाठीं जात होते. सुमारें दीड वर्षानें ही संख्या सत्तावीस झाली. आपण जगूं नये असा विचार ज्यांच्या मनांत येत होता त्यांचें प्रमाणहि जवळजवळ निम्म्यावर आलें. आणि आपल्या पाठाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट अशी कीं, मदत घेणाऱ्यांत स्त्री-पुरुष, जात, धर्म, शिक्षण किंवा मिळकत ह्यांवरून भेद आढळला नाहीं. जो गडी “सांगत नाहीं” म्हणून आपण सोडून देतों, तोहि योग्य माणूस दारीं आला तेव्हां बोलला. शंभरांतील उरलेले त्र्याहत्तर अजून राहिलेच, हें खरें. परंतु कुलूप गंजलें आहे म्हणून किल्ली लागतच नाहीं, असें नाहीं.

६. कसें विचारावें, काय करावें

पहिली गोष्ट, वेळ व जागा निवडावी. चारचौघांत विचारूं नये. पुरुष समोरासमोर बसून बोलावयास लाजतो; परंतु बरोबर चालतांना, बांधावर, बैलांना पाणी पाजतांना, त्याचें मन सैल होतें. जें आपण पाहिलें तेंच सांगावें : “भाऊ, वेचणीपासून पाहून राहिलो, तुमचं जेवणात ध्यान नाही. सांगा ना, काय चाललं आहे मनात?” एकदां विचारल्यानें उत्तर मिळेलच असें नाहीं. “काही नाही” असें तो म्हणेल. चार दिवसांनीं पुन्हां जावें.

दुसरी गोष्ट, तो बोलूं लागला म्हणजे आपण गप्प बसावें. “मर्द होऊन असं काय करतोस?”, “पोराबाळांकडे पाहा”, “अमक्याचं तर सगळं पीक वाहून गेलं, तो पाहा कसा हसतो”, हीं तीन वाक्यें जिभेवर आलीं तरी गिळून टाकावीं. त्यांनीं मूठ पुन्हां मिटते.

तिसरी गोष्ट, शंका आली तर सरळ विचारावें : “जीव द्यावा असं मनात येतं का?” ह्या प्रश्नानें नसलेला विचार मनांत शिरेल अशी पुष्कळांस भीति वाटते. ती व्यर्थ आहे. जाणत्या डॉक्टरांचा अनुभव उलट आहे : विचारल्यानें त्या मनुष्यास हायसें वाटतें, कारण जें कोणास सांगतां येत नव्हतें तें आतां दोघांना ठाऊक झालें. उत्तर “होय” असें आलें तर त्यास एकटें सोडूं नये.

चौथी गोष्ट, फवारणीचें औषध राहत्या घरांत ठेवूं नये. तें कुलुपांत असावें व किल्ली दुसऱ्याच्या हातीं असावी. ही लहान गोष्ट नव्हे. श्रीलंकेंत सरकारनें अत्यंत विषारी औषधांवर टप्प्याटप्प्यानें बंदी घातली, आणि १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तेथील आत्महत्यांचें प्रमाण सुमारें ७० टक्क्यांनीं घटलें. ह्यावरून एक मोठें सत्य दिसतें. मरणाची ती लाट पुष्कळदां थोडा वेळच टिकते. त्या वेळीं हाताशीं साधन नसेल तर मनुष्य वांचतो, आणि वांचलेले बहुतेक पुढें जगतात.

पांचवी गोष्ट, दवाखान्यांत बरोबर जावें. “जाऊन ये” म्हणणें व “चल, मी येतों” म्हणणें ह्यांत फार अंतर आहे. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत विचारावें. नागपुरांत ‘मेडिकल’ व ‘मेयो’ ह्या दोन्ही ठिकाणीं मनोविकारांचा विभाग आहे. नागपूरचें प्रादेशिक मनोरुग्णालय तर १८६४ सालापासून आहे. त्यास ‘वेड्यांचें इस्पितळ’ म्हणून हिणविण्याची जी खोड आपणांस लागली आहे ती सोडावी. तिच्यामुळें कित्येक जण दारापर्यंत येऊन परत गेले असतील. औषधाचा गुण येण्यास दोन ते चार आठवडे लागतात. म्हणून तें आठ दिवसांत टाकूं नये व बरें वाटूं लागतांच आपल्या मनानें बंदहि करूं नये. ज्यास जातां येत नाहीं त्यानें १४४१६ ह्या क्रमांकावर फोन करावा. ‘टेली-मानस’ नांवाची ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू झाली. ती रात्रंदिवस चालते, मराठींत बोलतां येतें, व पैसे पडत नाहींत.

ज्यानें मरणाचा प्रयत्न केला व जो वांचला त्यास पोलिसांचें भय वाटतें. २०१७ सालच्या मानसिक आरोग्य कायद्यानें असा मनुष्य तीव्र तणावाखालीं होता असें धरावें व त्याची शुश्रूषा करावी, असें ठरविलें आहे. जुन्या दंडसंहितेंतील शिक्षेचें कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेंत तसें ठेविलेलें नाहीं. म्हणून भयानें दुखणें लपवूं नये.

७. एका आक्षेपाचें उत्तर

आपल्या मंडळ्यांतून एक वाक्य ऐकूं येतें : “विश्वास दृढ असता तर ह्याचें मन असें खचलें नसतें.” हें वाक्य बोलणाऱ्यानें पवित्र शास्त्र नीट वाचलेलें नाहीं. कर्मेल डोंगरावर शेंकडोंपुढें निर्भयपणें उभा राहिलेला एलीया थोड्याच दिवसांत रानांत एका झुडपाखालीं बसून मरण मागूं लागला. त्यास काय मिळालें? उपदेश नव्हे. प्रथम झोप, मग भाजलेली भाकर व पाणी, मग पुन्हां झोप, पुन्हां भाकर. बोलणें त्यानंतर झालें. आणि “मी एकटाच उरलों” असें म्हणणाऱ्या त्या मनुष्यास शेवटीं अलीशा हा सोबती मिळाला. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्यानें बसले, तोंपर्यंत ते खरे मित्र होते. तोंड उघडून त्याचे दोष काढूं लागले तेव्हां तें मित्रत्व संपलें. आणि लाजराच्या कबरेपाशीं येशू रडला, हें कोणापासूनहि लपविण्याची गरज शास्त्रास वाटली नाहीं. म्हणून उपदेशक बंधूंनीं खचलेल्या घरीं जातांना पुस्तक पिशवींत असूं द्यावें, आणि प्रथम विचारावें, “आज जेवलांत का?”

ज्या घरांत अशी गोष्ट घडून गेली आहे तेथें जाणें तर अधिकच अवश्य. मागें राहिलेल्या बायकोकडे बोट दाखवूं नये, “तुला कसें कळलें नाहीं?” असें विचारूं नये. तिला कळूं नये म्हणूनच मूठ झाकलेली होती. आणि आतां कर्जाचे कागद, शेताचा फेरफार, मुलांची शाळा, हें सर्व तिच्याच डोक्यावर आलें आहे. तिच्याबरोबर तलाठ्याकडे व बँकेंत जाणारा एक मनुष्य दहा सांत्वनपत्रांहून बरा.

८. मनन व संभाषण

उपदेशकांनीं हा पाठ पुरुषांच्या संध्याकाळच्या बैठकींत वाचावा, आणि पुढील प्रश्नांवर सर्वांना बोलूं द्यावें. कोणावरहि बोलण्याची सक्ति करूं नये.

१. आपलें एकूण कर्ज किती, हें आपल्या पत्नीस ठाऊक आहे काय? नसेल, तर तिला सांगण्यांत कोणती अडचण आहे?

२. आपला मुलगा शेवटीं केव्हां रडला, आणि तेव्हां आपण त्यास काय म्हणालों?

३. गेल्या महिनाभरांत बैठकीस, शेतावर किंवा पारावर दिसेनासा झालेला असा कोणी आहे काय? त्याच्याकडे ह्या आठवड्यांत कोण जाईल?

४. बायकांच्या बचत गटाप्रमाणें महिन्यांतून एक संध्याकाळ पुरुषांनीं आपल्या अडचणींसाठीं राखून ठेवावी काय?

५. गांवांत फवारणीचीं औषधें कोठें ठेविलीं जातात? तीं एका जागीं, कुलुपांत ठेवण्याची व्यवस्था करतां येईल काय?

वाचकहो, ओझें उचलतांना आपण काय करितों? बोरा जड असला म्हणजे हमालहि शेजाऱ्यास हांक मारतो, “जरा हात लाव.” त्यानें हांक मारली म्हणून त्याच्या पाठीचें बळ कमी झालें असें कोणी म्हणत नाहीं, ज्यास बोऱ्याचें वजन कळतें तोच हांक मारतो. घरचा भार वाहणाऱ्या पुरुषानेंहि इतकेंच करावें. आणि तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांत ज्याचें नांव येईल, त्याच्या दारीं बैठक उठल्यावर आजच जावें.